डबीवरचं हसू

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत ती बसायची, म्हणून सगळे तिला चौकशीताई म्हणत. खिडकीशी येणाऱ्याला उत्तर द्यायचं आणि मधूनमधून समोरच्या माइकचं बटण दाबून गाड्या पुकारायच्या, असं तिचं काम. स्थानकातले कर्णे जुने झाले होते. त्यांतून दुसरं कुणी बोललं, की माणूस बोलतोय का कुणी पत्रा ओढतंय ते कळत नसे. ताई बोलली की अक्षर न अक्षर सुटं होऊन यायचं. तिच्या 'तीन' आणि 'सात'मध्ये कुणाची कधी गफलत झाली नाही. बाकावर डुलक्या काढणारा माणूससुद्धा 'फलाट क्रमांक तीन' ऐकलं की डोळे उघडायच्या आधी पिशवी उचलायचा.

लोक याचं श्रेय तिच्या गळ्याला द्यायचे. निम्मं श्रेय खरं तर दातांचं होतं. त, थ, द, ध, न ही सगळी मंडळी जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकल्याशिवाय धडपणे तोंडाबाहेर पडत नाहीत. पण ज्याचे दात जागेवर आहेत, तो असल्या गोष्टींचा विचार कशाला करेल? तिचे दात जागेवर होते आणि देखणेही होते. ती हसली की खिडकीशी भांडायला आलेला माणूस भांडण निम्म्यावर आणायचा.

घरात ती सगळ्यांत धाकटी. वडील लवकर गेले आणि आई कपड्यांच्या कारखान्यात पाळ्या करायची, त्यामुळे तिला वाढवलं ते दादानं. वेण्या घालणं, शाळेत सोडणं, रात्री अंथरूण घालणं, सगळं त्यानंच. तिचा पहिला दुधाचा दात हलायला लागला तेव्हा ती कुणाला तोंडाला हात लावू देईना. दादानं दाताला दोरा बांधला, तिला शाळेतल्या एका मास्तरांची नक्कल करून दाखवली, आणि ती हसता हसता दात त्याच्या हातात. त्यानंतर प्रत्येक दात तिनं त्याच्याकडूनच काढून घेतला. दादा म्हणाला 'आ कर', की ती डोळे मिटून आ करायची. मोठी झाली, लग्न झालं, तरी दादा तिला 'चिमे' म्हणायचा आणि दादा सांगेल ते तिला पटायचं.

दादाचं स्वतःचं मात्र बस्तान बसत नव्हतं. छत्र्या दुरुस्त करून झाल्या, शाई करून झाली, अंगाचा साबण करून झाला. साबण कागदाला चिकटायचा आणि कागद हाताला. प्रत्येक वेळी तो मोठ्या उमेदीनं सुरुवात करायचा आणि काही महिन्यांत हात झटकून मोकळा व्हायचा. वहिनी अबोल बाई. ती एका दवाखान्यात कपडे धुण्याच्या कामावर होती, तिच्या पगारावर घर चालायचं. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही याचा दादाला त्रास व्हायचा.

ताईच्या दुसऱ्या बाळंतपणात तिच्या हिरड्या सुजल्या. भाकरीचा तुकडा चावला तरी त्याला रक्त लागायचं. मुलगी झाल्यावरही ते थांबेना. धाकटी अंगावर पीत होती, तिला टाकून दवाखान्यात कुठे जायचं, म्हणून ती चालढकल करत राहिली. तिनं दादाला सांगितलं. दादा त्या वेळी घरातल्या मिक्सरवर मंजन दळण्याचे प्रयोग करत होता. दोन-चार दिवसांनी तो एक कागदाची पुडी घेऊन आला.

"हे लाव," तो म्हणाला. "बोटानं घास, आणि लगेच चूळ भरू नकोस. खालच्या ओठात धरून ठेव थोडा वेळ. मुरू दे. पण मुलांच्या हाताला लागू देऊ नकोस हं, त्यांना झोंबेल."

पहिल्या दिवशी तिला गरगरलं. "औषध भिनतंय," दादा म्हणाला. आठवड्याभरात रक्त थांबलं. हिरड्या घट्ट वाटायला लागल्या, तोंडाला तरतरी आली. मुलांना देऊ नकोस म्हणाला हे तर तिनं आल्यागेल्याला कौतुकानं सांगितलं. इतका बारीक विचार करतो माझा दादा, म्हणाली.

मग दादानं तिला फोटोवाल्याकडे नेलं. निळ्या पडद्यासमोर बसवून तिला हसायला सांगितलं. तो फोटो डबीवर आला, वर नाव: हसरी दंतमंजन. आयुष्यात पहिल्यांदा दादानं काहीतरी केलं आणि ते चाललं, घरातला मिक्सर मागे पडून छोटा कारखाना उभा राहिला. मुळात ते चालवलं ताईनंच. खिडकीशी कुणी उभं राहिलं आणि डबीवरच्या बाईला ओळखून हसलं, की ती म्हणायची, "मी स्वतः वापरते. माझं रक्त थांबलंय." तिकीटवाले, चालक, वाहक, सगळ्यांना तिनं डब्या घ्यायला लावल्या. स्थानक झाडणाऱ्या मावशींना तर पहिली डबी तिनं स्वतःच्या हातानं दिली. मावशींच्या हिरड्या दुखायच्या. महिनाभरानं मावशी म्हणाल्या, "ताई, गुण आला बघा. आता सकाळी लावल्याशिवाय हात झाडूला लागत नाही."

हे ऐकून ताईला बरं वाटलं होतं. तिचंही तसंच झालं होतं. सकाळी मंजन लावलं नाही तर डोकं धरायचं, जीव कासावीस व्हायचा. मग दुपारी जेवणानंतर एकदा, कामावरून सुटताना एकदा, असं होत गेलं. पर्समध्ये कायम एक डबी. स्वच्छतेची आवड, असं ती स्वतःला सांगायची.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. या काळात तोंडात जे चाललं होतं, ते हळूहळू आणि गुपचूप. आधी गार पाणी दातांना लागायला लागलं. मग हिरडीजवळ दाताला आडव्या खाचा पडल्या. बोट फिरवलं की नख अडकायचं. पुढचे दात लांब दिसायला लागले. तिचा नवरा बस आगारात मेकॅनिक होता. तो एकदा जेवताना तिच्याकडे बघून म्हणाला, "अगं, या वयात दात वाढतात का कुणाचे?"

"वाढत नसतात, अहो. तुम्हाला चष्मा लागलाय."

"बघ बाबा. आमच्याकडे बोल्ट असा वर दिसायला लागला, की आम्ही समजतो खालचं काहीतरी झिजलंय."

तो थट्टा करत होता, पण बोलला ते अगदी बरोबर होतं. दात वाढले नव्हते, हिरडी मागे सरकून दातांची मुळं उघडी पडली होती. नंतर वरच्या दोन दातांत फट पडली. एक पटाशीचा दात जिभेनं ढकलला की हलायचा. ती दादाकडे गेली. दादानं तिला आ करायला सांगितलं, आत बघितलं आणि हलणारा दात बोटानं चाचपला. मग म्हणाला, "तुझ्यासाठी जरा कडक करून देतो." त्यानं दिलेली नवी पुडी नेहमीपेक्षा काळपट होती. तीही तिनं इमानानं वापरली.

एका सकाळी ती 'फलाट क्रमांक सात' म्हणाली आणि 'सात'बरोबर एक बारीक शिट्टी बाहेर पडली. ती सगळ्या कर्ण्यांतून गेली. फलाटावरचे हमाल हसले. तिनं पुन्हा पुकारलं, पुन्हा शिट्टी. हलणारा दात पुढे आला होता आणि त्याच्या मागून वारा जात होता. त्या दिवशी तिनं दर वेळी ओठ दाबून गाड्या पुकारल्या, आणि सातची गाडी आहे का आठची, हे विचारायला खिडकीशी रांग लागली. संध्याकाळी स्थानकप्रमुखांनी तिला बोलावलं. माणूस भला होता. म्हणाला, "ताई, रजा घ्या आणि दात दाखवून या. माझी बायको जाते तिथला पत्ता देतो."

दातांच्या डॉक्टरीणबाई तिच्याहून वयानं लहान होत्या. त्यांनी आरसा फिरवला, प्रत्येक दाताभोवती हिरडीत एक बारीक सळई घालून बघितली, एक्स-रे काढला. मग हातमोजे उतरवत त्यांनी विचारलं, "तंबाखू किती वर्षं खाताय?"

ताई ताडकन उठून बसली. "आमच्या घरात तंबाखूला कुणी हात लावत नाही."

"मिश्री? मशेरी? काहीतरी लावत असाल."

"मंजन लावते. माझ्या भावाचं. डबीवर माझाच फोटो आहे."

डॉक्टरीणबाईंनी तिला हातात आरसा दिला आणि तिचा खालचा ओठ उलटा करून दाखवला. आतल्या बाजूला पांढरट, सुरकुतलेला एक पट्टा होता, भिजलेल्या कातडीसारखा. "हे इथंच का आलंय सांगा बरं? तुम्ही काहीतरी इथं धरून ठेवता."

ताईनं पर्समधली डबी काढून दिली. डॉक्टरीणबाईंनी चिमूटभर मंजन एका वाटीत टाकलं, वर कोमट पाणी घातलं. वरचा लवंगेचा आणि कापराचा वास आधी उडून गेला. मग दुसरा वास आला. तो ताईला ओळखीचा होता. रोज खिडकीशी येणाऱ्या निम्म्या लोकांच्या तोंडाचा तो वास जाळीतून आत यायचा.

"पण मला गुण आला होता," ती म्हणाली. "रक्त थांबलं होतं माझं."

"थांबणारच. असल्या मंजनात तुरटी असते, तिनं हिरडी आकसते. तंबाखूनं रक्ताच्या नळ्या आवळतात. रक्त थांबलं, आजार थांबला नाही." डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. बारीक धाग्यांनी बांधलेला असतो. दातावर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. मऊ असतो तोवर ब्रशनं निघतो. राहिला तर त्याचा दगड होतो, त्याला कीटण म्हणतात. ते हिरडीखाली सरकतं, तिथं सूज येते, आणि त्या सुजेत धागे तुटतात, हाड विरत जातं. हे बघा, हाड इथपर्यंत असायला हवं होतं. ते इथं आहे."

"मग दुखलं कसं नाही?"

"हिरडीचा आजार दुखत नाही, हीच तर फसवणूक. किडलेली दाढ आरडाओरडा करते. हिरडी फक्त रक्ताचा निरोप पाठवते. तुमचा निरोप मधेच कुणीतरी दाबून टाकला. बाळंतपणात हिरड्या सुजतात, ते कितीतरी जणींचं होतं. तेव्हाच साफ करून घेतलं असतं, मऊ ब्रश लावला असता, तर बहुतेक तिथंच मिटलं असतं."

वरचे पुढचे चार दात जाणार होते. बाकीचे धरून ठेवता येतील, पण त्याला मेहनत लागेल, असं त्या म्हणाल्या. ओठातला पट्टा मंजन बंद केलं की बहुधा जाईल, नाही गेला तर तुकडा काढून तपासावा लागेल. ताईनं मान हलवली. तिला यातलं निम्मंच ऐकू येत होतं. दादाला कुणीतरी फसवलं असणार, कच्चा माल देणाऱ्यानं भेसळ केली असणार, एवढं तिच्या डोक्यात घोळत होतं. दादाला आधी सावध करायला हवं.

ती तशीच दादाकडे गेली. भर दुपार होती, दादा बाहेर गेला होता. वहिनीनं दार उघडलं. ताई हात धुवायला मोरीशी गेली. आता तिथं नवं पांढरं बेसिन होतं. बेसिनवर आरसा, आरशाखाली फळी, फळीवर काचेचा पेला. पेल्यात चार ब्रश, शेजारी पेस्टची नळी, अर्धी वापरून खालून नीट गुंडाळत आणलेली. हसरीची डबी त्या फळीवर नव्हती, खालीही नव्हती. ताईनं सगळीकडे बघितलं.

वळून बघते तर वहिनी टॉवेल घेऊन मागे उभी.

"वहिनी, तुमच्याकडे मंजन कोण लावतं?"

वहिनीनं टॉवेल पुढे केला. "हात पुसा, वन्सं."

"कोण लावतं?"

"कुणी नाही," वहिनी म्हणाली.

दादा आला तेव्हा ताई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. तिला बघून तो खूश झाला. "चिमे, जेवलीस का?"

"दादा, मंजनात काय घालतोस?"

तो चपला काढत होता. एक पाय चपलेत, एक बाहेर. "का गं? तुरटी, खडूची पूड, लवंग, कापूर. घासायला थोडी दगडाची भुकटी."

"आणि?"

त्यानं आत बघितलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होती, ती आत निघून गेली.

"भाजलेली तंबाखू," तो म्हणाला. "थोडीच. अगं, मंजन सगळेच विकतात. एक डबी कुणीही घेतो. दुसरी घ्यायला माणूस परत यायला हवा ना."

"मला पहिली पुडी दिलीस, तेव्हा होती त्यात?"

"तेव्हाच तर पहिल्यांदा घातली. तुझ्यावर करून बघितलं. तुझं रक्त थांबलं, मग मला वाटलं जमलं."

"माझ्यावर करून बघितलंस."

"मग काय परक्यावर बघू?" दादाचा आवाज जरा वर गेला. त्यात राग नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की हे कुणालाही कळेल. "काही बरंवाईट झालं असतं तर लोकांनी मला सोडलं असतं का? तू आपली होतीस."

ताईनं पर्स मांडीवर ओढली. मग म्हणाली, "धाकटी अंगावर पीत होती तेव्हा माझ्या."

दादानं दुसरी चप्पल काढली आणि दोन्ही चपला भिंतीशी जोडून ठेवल्या. 

"मुलांना झोंबेल म्हणालास," ताई म्हणाली. "म्हणजे तुला माहीत होतं."

"चिमे, एवढं काय झालंय तरी? दात तर सगळ्यांचेच जातात कधी ना कधी."

ती उठली. दारापर्यंत गेल्यावर तिला चक्कर आल्यासारखं झालं, आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की दुपारचं मंजन राहिलंय. हात आपोआप पर्सकडे गेला होता. आयुष्यात तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तीही दुसऱ्यानं केलेल्या गोष्टीची.

पुढचे दिवस वाईट गेले. डोकं फुटायचं, झोप यायची नाही, मुलांवर उगाच खेकसायची. नवऱ्यानं एकदा मंजन टाकताना डबीवरच्या फोटोकडे बघितलं आणि डबी तशीच न टाकता कागदात गुंडाळून टाकली. तेवढंच. 'मी सांगत होतो' असं तो एकदाही म्हणाला नाही. चार दात निघाले. डॉक्टरीणबाईंनी तीन-चार खेपांत हिरडीखालचं कीटण खरवडून काढलं. मग तिला ब्रश धरायला शिकवलं. कधीच्या आपल्या हातात असलेल्या गोष्टी नव्यानं शिकायच्या म्हणजे माणूस अवघडतो, तशी ती अवघडली. मऊ ब्रश, हिरडी आणि दात जुळतात त्या रेषेवर तिरका टेकवायचा, खसाखसा न ओढता जागच्या जागी हलवायचा. दोन दातांच्या मधे बाटलीच्या ब्रशसारखा एक इवलासा ब्रश घालायचा. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. गंमत अशी, की मंजन सुटल्यावर हिरड्यांतून पुन्हा रक्त आलं. ती घाबरून गेली, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येऊ द्या. आता हिरडी खरं बोलतेय." साफसफाई होत गेली तसं ते थांबलं. या वेळी खरोखर थांबलं.

पुढच्या चार दातांची काढघालीची कवळी बसली. ती घालून पहिल्यांदा आरशात बघितलं तेव्हा हसू तर होतं, पण त, थ, द, ध, न सगळे घसरत होते. घरी ती वेळापत्रक मोठ्यानं वाचायची आणि धाकटी समोर बसून चुका काढायची. "आई, 'दहा' म्हण. 'झहा' काय म्हणतेस?" पुन्हा. पुन्हा. तोवर स्थानकात दुसराच कुणी गाड्या पुकारत होता, आणि लोक दर गाडीला वाहकाकडे धावत जाऊन विचारत होते.

ती कामावर परतली त्या दिवशी पहिलं काम तिनं मावशींना शोधण्याचं केलं. मावशी मागच्या फलाटावर झाडत होत्या. ताईनं त्यांना बाकावर बसवलं, तोंडातून कवळी काढून हातावर घेतली, आणि सगळं सांगितलं. दात नसताना बोलणं फुसफुसत होतं, तरी तिनं कवळी परत घातली नाही.

मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांच्या स्वतःच्या खालच्या दोन दाढा मागच्याच वर्षी पडल्या होत्या.

"आमची सूनही लावते ते," त्या म्हणाल्या. "पोटुशी आहे."

"तिला आजच्या आज बंद करायला सांगा. डॉक्टरांकडे मी घेऊन जाते."

"तुम्ही सांगितलंत म्हणून लावलं, ताई. डबी विकणाऱ्याचं मी ऐकलं नसतं."

"मला माहीत नव्हतं, मावशी."

"खरं असेल," मावशी म्हणाल्या. त्यांनी झाडू उचलला. "पण आता तुम्ही न्याल तिथं कशी पाठवू मी तिला?"

त्यांनी सुनेला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. बाळंतपण सुखरूप झालं, हे ताईला तिकीटवाल्याकडून कळलं. मावशी तिच्याशी बोलायच्या, पण कामापुरतं. ताईला त्याचा राग आला नाही. दादाबद्दल तिला जे वाटत होतं, तेच मावशींना तिच्याबद्दल वाटत होतं, आणि ते तिला आतून माहीत होतं. तरी ती थांबली नाही. ज्यांना ज्यांना तिनं डबी घ्यायला लावली होती, त्या एकेकाला गाठून तिनं सांगितलं. काहींनी ऐकलं. एक चालक म्हणाला, "सोडवत नाही हो ताई." एका वाहकानं विचारलं, भावाशी वाटणीवरून बिनसलं का?

मग तिनं आणि नवऱ्यानं जाऊन तक्रार दिली. अधिकारी आले, मंजनाचे नमुने नेले, कारखान्याला काही महिने टाळं लागलं. नातेवाइकांत बोभाटा झाला. मावसभाऊ, आत्या, सगळ्यांनी तिला ऐकवलं. सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास, म्हणाले. ज्यानं तुला तळहातावर वाढवलं त्याला चौकीत उभं केलंस, म्हणाले. त्यानं तिच्या तोंडात काय घातलं, याबद्दल मात्र कुणी काही बोलेना, कारण ते औषध म्हणून घातलं होतं, आणि दात काय, कवळी बसते. दादानं निरोप पाठवला नाही, आलाही नाही. टाळं उघडल्यावर मंजन पुन्हा बाजारात आलं, नव्या नावानं. त्यात आता तंबाखू नसते असं म्हणतात. फार खपत नाही असंही म्हणतात. डबीवर एका कोवळ्या मुलीचा फोटो आहे. ती कोण, कुणाची, ताईला माहीत नाही. दुकानात ती डबी दिसली की ती फोटोकडे बघते आणि पुढे जाते.

दादाची आठवण तिला येत नाही असं नाही. उलट नको तेव्हा येते, आणि चांगलीच येते. वेण्या घालतानाचे त्याचे हात, त्याच्या नकला. जे त्यानं खरंच केलं, ते खोटं होतं असं तिला म्हणता येत नाही. त्यानं तिला जीव लावला होता, आणि तिच्यावर प्रयोगही केला होता, आणि त्याच्या लेखी या दोन गोष्टी एकच होत्या. हे तिला जितकं कळत जातं तितकं जास्त लागतं. परक्यानं फसवलं असतं तर ती केव्हाच विसरली असती.

अलीकडेच, वर्षातून दोनदा करतात त्या तपासणीला ती गेली होती. बाहेरच्या खोलीत लाकडी खुर्च्यांवर चार-पाच माणसं बसलेली. कोपऱ्यात वहिनी, शेजारी तिचा मोठा मुलगा. त्याच्या एका दाढेत सिमेंट भरायचं होतं. मुलगा ओशाळून हसला तेव्हा ताईला त्याचे दात दिसले. सरळ, घट्ट. मुलाला आत बोलावलं, तसं वहिनी उठून तिच्या शेजारी येऊन बसली.

"वन्सं, कशा आहात?"

"बरी आहे."

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "कुणाला सांगणार नाही अशी यांनी मला शपथ घातली होती. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून."

"तुमच्या मुलांना कधी लावू दिलंत?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. मी दवाखान्यात काम करायची ना. मला ठाऊक होतं." वहिनीचा आवाज अगदी खाली गेला. "तुम्हाला सांगायला हवं होतं."

"हो," ताई म्हणाली.

वहिनी आणखी काहीतरी ऐकायला थांबली.  समोरच्या भिंतीवरच्या चित्रात एक मोठी दाढ मधोमध कापून दाखवली होती. वर पांढरं कवच, त्याखाली पिवळसर भाग, आत लाल नस, खाली हिरडी आणि हाड. दोघी त्या चित्राकडे बघत बसल्या. मुलगा गाल धरून बाहेर आला. "चला," वहिनी त्याला म्हणाली, आणि जाताना ताईच्या खांद्याला हात लावू का नको अशी क्षणभर घुटमळून गेली.

मग ताई आत जाऊन खुर्चीवर आडवी झाली. डॉक्टरीणबाई सळईनं प्रत्येक हिरडीची खोली मापत मदतनीस मुलीला आकडे सांगत होत्या. तीन. तीन. दोन. तीन. ताईला आता त्यांचा अर्थ कळत होता. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. मागच्या एका दाढेपाशी सळई खोल गेली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सहा."

चूळ भरून झाल्यावर ताईनं विचारलं, "ती जाणार का?"

"कदाचित. कधी ते सांगता येत नाही. गेल्या खेपेलाही सहाच होती, वाढली नाहीये. तिथं दोन दातांमधला ब्रश नीट फिरवताय ना?"

"फिरवते. रोज."

"मग राहील काही दिवस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत पाठवायला सांगितलं.